पीटीओ शाफ्टचं ऑइल सील: पार्ट नंबर नको, माप घ्या

ऑइल सीलला, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती बसून ऑइल अडवणाऱ्या रबरी कडीला, कंपनीचा पार्ट नंबर लागत नाही, माप लागतं. एवढं एक वाक्य काउंटरवरच्या कुणी सांगितलं असतं तर माझा ऐन हंगामातला वेळ वाचला असता. तो राग अजून गेलेला नाही.

उरुळी कांचनला आमची रोपवाटिका आहे. तिथला छोटा ट्रॅक्टर जुना, पण रोटाव्हेटर आजही दणकून ओढतो. पावसाळ्याच्या तोंडावर मागच्या पीटीओ शाफ्टपाशी, म्हणजे रोटाव्हेटरसारखं अवजार फिरवणाऱ्या दांड्यापाशी, गिअर ऑइल ठिबकायला लागलं. ऑइल काढलं, झाकणाचे बोल्ट खोलले, सील बाहेर आलं. त्यात काही अवघड नाही. सीलची लिप, म्हणजे शाफ्टला टेकणारी आतली कड, प्लास्टिकसारखी कडक झाली होती आणि अंगावरचे आकडे पार पुसले गेले होते.

ते सील आणि झाकण घेऊन पुण्यात एका डीलरच्या स्पेअर काउंटरवर गेलो. पहिला प्रश्न, "पार्ट नंबर?" नाही म्हटलं. मग "चासी नंबर?" तो दिला. कॉम्प्युटरवर मॉडेल सापडेना. "काका, हे मॉडेल बंद झालंय. असेंब्लीच मागवावी लागेल, ॲडव्हान्स भरा." एका सीलसाठी अख्खी असेंब्ली! मी म्हटलं, अहो, निदान मोजून तरी बघा. "आम्ही मोजून देत नाही." मॅनेजर जेवायला गेलेले. त्यांची वाट बघत बसलो. ते आले, त्यांनीही स्क्रीनकडे बघूनच मान हलवली. माझं सील काउंटरवर तसंच पडलेलं, एकानेही उचलून बघितलं नाही. तिकडे रोपवाटिकेत गडी माणसं बसून, आणि इथे मी खुर्चीवर. शेतकऱ्याच्या वेळेची किंमत शून्य धरायची, याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

तिथून थेट नाना पेठेत गेलो. सील-बेअरिंगच्या दुकानातल्या मालकाने काही न विचारता ड्रॉवरमधून व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, काढला. झाकणाचं भोक मोजलं, ६२ मिलिमीटर. सीलची जाडी १०. आतलं माप मात्र त्याने सीलवरून घेतलं नाही. "लिप शाफ्टपेक्षा मुळातच थोडी लहान असते, वर ही झिजलेली. शाफ्ट मोजा, तोही चर पडलाय तिथे नाही, शेजारी." पुतण्याला फोन लावला, त्याने लेथवाल्याकडून व्हर्नियर आणून शाफ्ट मोजला. ४०. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, याच क्रमाने माप बोलतात: ४०-६२-१०. "मातीत चालणार ना? मग डबल लिप घ्या, बाहेरची लिप धूळ अडवते." बसल्या जागी सील हातात, तेही चहा-नाश्त्याच्या पैशात. त्या माणसाचे खरंच उपकार.

बसवताना सीलमधली बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू ऑइलकडे. शाफ्टच्या दातांवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर नवी लिप तिथेच फाटते. लिपला ग्रीस लावा. सील एका बाजूने ठोकू नका, त्याच्या कडेवर बसेल असा पाइपचा तुकडा ठेवून सरळ आत घ्या.

शाफ्टवर नख फिरवून बघा. नख अडकलं तर जुन्या लिपने चर पाडलाय, आणि नवं सील त्याच जागी बसवलं तर पुन्हा गळणार. आमच्या झाकणात जागा होती, म्हणून सील तळापर्यंत न नेता २ मिलिमीटर अलीकडे ठेवलं. लिप कोऱ्या जागेवर आली. जागा नसेल तर शाफ्टवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवता येते.

आता ट्रॅक्टरखालची फरशी कोरडी आहे. मडगार्डच्या आतून ऑइल पेंटने माप लिहून ठेवलंय, म्हणजे पुढच्या वेळी कुणापुढे हात जोडायला नकोत.

आणि हो, हे खरं तर सगळ्यात आधी बघायचं: गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छिद्र. तो मातीने बुजला की आत दाब वाढतो आणि चांगलं सीलसुद्धा ऑइल सोडतं. आमचा बुजलेलाच होता. डिझेलने धुऊन, फुंकून मोकळा केला. ऑइलसुद्धा लेव्हलच्या खुणेपर्यंतच भरा, वर नको.