ओकायामाहून व्हिडिओ कॉल

जपानीच्या क्लासमुळे मिळालेल्या माझ्या एक्सचेंज पार्टनरशी आज मस्त गप्पा झाल्या. अर्धा वेळ जपानी, अर्धा वेळ इंग्रजी, असं ठरलेलं. आपले संध्याकाळचे पाच म्हणजे तिकडे साडेआठ.

ती उत्तर देण्याआधी थांबते, चांगली थांबते. नेट गेलंय की ती नुसती विचार करतेय, हे मी आता तिच्या मागचा पडदा हलतोय का यावरून ओळखते. आपल्याकडे एवढी शांतता पसरली तर कुणीतरी 'हॅलो, हॅलो' सुरू करेलच!

ती जपानमधल्या ओकायामा शहराची. म्हणून आज तिला सिंहगड रोडच्या आपल्या पु. ल. देशपांडे उद्यानाचे फोटो दाखवले. ते तिथल्या कोराकुएन बागेवरूनच तर केलंय. मूळ बाग १७०० साली पूर्ण झालेली. तिने फोटो मोठा केला, तळ्याची वळणं, हिरवळ सगळं नीट न्याहाळलं आणि विचारलं, "मागचा काळा किल्ला कुठंय?" कोराकुएनच्या मागे ओकायामाचा किल्ला दिसतो म्हणे. मी म्हटलं, आमच्याकडे मागे बिल्डिंगा आणि ट्रॅफिक. हसत सुटली.

तेवढ्यात आई डोकावली. "जेवलीस का गं?" थेट मराठीत! तिनेही मान डोलावून काहीतरी उत्तर दिलं. दोघींचं काय ठरलं देव जाणे.

रविवारी ती सकाळी आठला कोराकुएनमधूनच कॉल करणार आहे. म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. आई म्हणाली, मलाही उठव.