दारू सेंद्रिय, पण पाला कुठला?

रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला की समजायचं, तिकडे ओंटारियोत दुपारचे बारा वाजलेत आणि साहेब डबा खायला बसलेत. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस. अक्का माहेरी आलेली, आतल्या खोलीत माझ्या बायकोशी खापरावरच्या पोळ्यांवरून वाद चाललेला. मी ओट्यावर उघडा बसलेलो, कारण चोपड्याला त्या दिवशी रात्रीसुद्धा भिंती हात लावू देत नव्हत्या.

"मामा, एक इचारू का? माय जोडे नही ना?"

"मधमा शे. इचार."

"आल्कोहोल ऑर्गॅनिक राहस का?"

भाच्याची थोडी ओळख करून देतो. पोरगा केमिकल इंजिनियर. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला, तेव्हापासून तिकडे त्याचे परवानाधारक कारखाने उभे राहिले. त्यातल्या एकात हा अर्क काढण्याच्या विभागात आहे. अक्काला माहीत आहे की पोरगा "वनस्पतीनं औषध बनावस". हे खोटं नाही. अर्धं आहे, एवढंच. मी स्वतः बावीस वर्षं जळगावकडच्या एका वनौषधी अर्काच्या कारखान्यात घालवली. अडुळसा, अश्वगंधा, हळद, गुडमार. त्यामुळे झाड वेगळं असलं तरी आम्हा मामा-भाच्याचा धंदा एकच: पाल्यातलं हवं ते अल्कोहोलमध्ये उतरवायचं आणि मग अल्कोहोल उडवून लावायचं.

त्याची अडचण अशी. कंपनी आजवर हेप्टेन, म्हणजे पेट्रोलच्या जातीचा एक द्रावक, मिसळलेलं अल्कोहोल वापरत होती. पिण्यालायक अल्कोहोलवर सरकार भरमसाट कर लावतं, म्हणून कारखान्यांसाठी त्यात काहीतरी मिसळून ते पिण्यालायक ठेवत नाहीत. इकडे वास मारणारं पिरिडिन घालतात, तिकडे बरेचदा हेप्टेन. आता मार्केटिंगवाल्यांनी टुमणं लावलं होतं की सेंद्रिय उसाचं, काहीही न मिसळलेलं अल्कोहोल घ्या, डबीवर 'ऑर्गॅनिक' छापता येईल. दर कितीतरी जास्त. साहेबानं याला विचारलं, याने मामाला.

मला आधी हसूच आलं. एमएस्सीला माझा विषय सेंद्रिय रसायनशास्त्र. जळगावच्या विद्यापीठाचं नाव तेव्हा नुसतं उत्तर महाराष्ट्र होतं, बहिणाबाईंचं नाव २०१८ साली लागलं. मी सुटीत गावी आलो की म्हातारे विचारायचे, "मग शेणखतात काय नवीन?" त्यांना वाटायचं सेंद्रिय म्हणजे शेणखतच. त्यांना कसं सांगू, की आमच्या शास्त्रात कार्बनचा सांगाडा असला की झालं सेंद्रिय. बेंझिन सेंद्रिय. कपाशीवर मारतात ते क्लोरपायरीफॉस कीटकनाशक सेंद्रिय. आणि मोहाची पहिल्या धारेचीही सेंद्रियच. इंग्रजीनं एका शब्दात दोन अर्थ कोंबले आणि आपण भाषांतर करताना तो घोळ इमानदारीनं जसाच्या तसा मराठीत आणला.

तर भाच्याला म्हटलं, अल्कोहोल ऑर्गॅनिक असतं, म्हणजे त्याचा ऊस तसा पिकवलेला असतो. पण उसाला शेणखत घातलं होतं की युरिया, हे अल्कोहोलच्या रेणूला आठवत नाही. उसावर काही फवारलं असलंच तर ते आंबवण आणि ऊर्ध्वपातन यांत बहुतेक मागे भट्टीतच राहतं. वर येतं ते अल्कोहोल, थोडं पाणी आणि अल्कोहोलचेच काही भाऊबंद. मिथेनॉल ६४.७ अंशाला उकळतं, आपलं इथेनॉल ७८.४ ला, फ्युजेल तेलं, म्हणजे जड अल्कोहोलं, त्याच्याही वर. चांगल्या डिस्टिलरीचं कसब या भाऊबंदांना बाजूला काढण्यात. म्हणून साधं रेक्टिफाइड स्पिरिट वेगळं आणि ज्याला ईएनए, एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, म्हणतात ते वेगळं. तळहातावर दोन थेंब घेऊन चोळायचे, उडू द्यायचे आणि मग हात हुंगायचा. ईएनए असेल तर हाताला हाताचाच वास येतो. हलकं स्पिरिट असेल तर मागे ओल्या पुठ्ठ्यासारखा, किंचित गोडसर, डोकं धरायला लावणारा वास राहतो. आमच्याकडे मशीन होतं, तरी ड्रम उघडला की मी आधी हात पुढे करायचो. क्वालिटीवाल्या मॅडम चिडायच्या.

"मंग फरक काहीच नही?" भाचा म्हणाला.

फरक आहे, पण तो शेणखतात नाही. अल्कोहोलसोबत दुसरं काय आलंय, त्यात आहे. ऊर्ध्वपातनानं ९५.६ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. तिथे पाणी आणि अल्कोहोल गळ्यात गळे घालून एकत्रच उकळतात. उरलेलं पाणी काढायला जुन्या काळी बेंझिन घालायचे. बेंझिन म्हणजे कॅन्सरशी थेट नातं असलेलं. औषधांमध्ये किती द्रावक शिल्लक चालतो याचे आंतरराष्ट्रीय आकडे ठरलेले आहेत: इथेनॉल दशलक्ष भागात ५००० भाग, मिथेनॉल ३०००, हेक्झेन २९०, आणि बेंझिन फक्त २. या एकाच रांगेवरून कळतं की कुणाला किती घाबरायचं. आता पाणी काढायला मॉलिक्युलर सीव्ह वापरतात, साबुदाण्यासारखे दाणे, ते पाणी पोटात धरून ठेवतात. म्हणून म्हटलं, सर्टिफिकेटवरचा हिरवा शिक्का बघू नको, बेंझिनची ओळ बघ. हेप्टेनवालं सोडून न मिसळलेलं घेत असाल तर चांगलंच. पण ते न मिसळलेलं आहे म्हणून घ्या, सेंद्रिय आहे म्हणून नव्हे.

एवढ्यावर फोन संपला असता. पण मला एक जुनी गोष्ट आठवली आणि त्याचा डबा थंड झाला.

कारखान्यात माझं आठवं-नववं वर्ष असेल. अडुळशाचा पाला आम्ही आजूबाजूच्या गावांतून घ्यायचो. अडुळसा कुणी मुद्दाम लावत नाही, बांधाला आपोआप असतो, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. बांधावरचा म्हणजे शुद्धच, असं मी धरून चाललो. एक लॉट आला, पानं अशी टवटवीत की वाळल्यावरही हिरवी दिसावीत. अल्कोहोलमध्ये भिजवला, अर्क उतरवला. पाल्याचं अल्कोहोल पहिल्यांदा बघणाऱ्याला भीती वाटते. काचेतून बघाल तर गडद हिरवं, आणि टॉर्च मारली तर रक्तासारखं लाल चमकतं. ती हरितद्रव्याची करामत. मग निर्वात भांड्यात अल्कोहोल उडवलं की तळाशी उरतो तो घन, काकवीपेक्षा घट्ट, चमच्याला धरला की सोडत नाही, आणि हाताला लागला तर दोन दिवस चपातीलाही कडू चव.

दहा किलो पाल्याचा एक किलो घन. माल बाहेरच्या ग्राहकाला गेला आणि त्याच्या लॅबमधून परत आला. क्लोरपायरीफॉस.

मी त्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. अलीकडे कपाशी, पलीकडे कपाशी, मध्ये अडुळसा. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन माणूस बांधाकडेला वळतो तेव्हा नळी बंद करत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी स्वतः वडलांबरोबर तेच केलं होतं. शेतकरी बिचारा म्हणाला, "साहेब, आम्ही तो पाला खोकल्याला उकडून पितो, आम्हाला कधी काही झालं नाही." आणि त्याचं म्हणणं अगदी चूकही नव्हतं. क्लोरपायरीफॉस पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. काढा केला तर ते बरंचसं चोथ्यात राहतं. अल्कोहोल मात्र त्याला मोठ्या प्रेमानं उचलतं, आणि नंतर अल्कोहोल उडतं तेव्हा ते उडत नाही. पाल्यात जे चिमूटभर होतं ते घनात जवळपास दसपट झालं. आजीच्या काढ्याला जे जमलं ते आमच्या लाखो रुपयांच्या भांड्याला जमलं नाही.

त्या लॉटचं अल्कोहोल उत्तम होतं. बेंझिन नाही, वास नाही, कागद सगळे बरोबर. चांगलं अल्कोहोल पाल्यातलं चांगलं तेवढं निवडून घेत नाही. विरघळेल ते सगळं घेतं.

भाचा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, गांजाचा पाला कंपनी दोन-तीन ठिकाणांहून घेते, कीटकनाशकांची तपासणी तिकडे सक्तीचीच आहे. म्हटलं, मग तुझ्या साहेबाला विचार, ती तपासणी पाल्याची करता की घनाची? पाल्याला पास झालेला आकडा दहानं गुणून बघितला का कुणी?

इतक्यात ओट्याच्या पायरीवर बसलेला शेजारचा पोरगा, जो मोबाइलमध्ये तोंड घालून बसल्याचं नाटक करत होता, म्हणाला, "काका, हे इकडे घरी जमेल का?" डोळ्यात नको ती चमक.

त्याला तिथंच बसवून जे सांगितलं ते इथेही लिहितो, कारण असे पोरगे सगळ्याच ओट्यांवर असतात. शिरपूरकडच्या डोंगरात मक्यात, तुरीत लपवलेली गांजाची झाडं पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या आपण वाचतोच. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. पण त्याची राळ वेगळी काढली, किंवा तिचा घट्ट अर्क केला, की कायदा त्याला चरस म्हणतो. हशीश ऑइल हे शब्दच कलमात आहेत. गांजाचं 'अल्प प्रमाण' एक किलोपर्यंत, चरसाचं १०० ग्रॅम. व्यापारी प्रमाण गांजाचं २० किलो, चरसाचं एक किलो. म्हणजे पाल्याचा घन केलास की माल कमी होतो आणि गुन्हा वाढतो.

आणि अल्कोहोल आणणार कुठून? आमच्या कारखान्यात एक ड्रम उघडायचा तरी उत्पादन शुल्कवाल्यांची परवानगी, सील, रजिस्टर, लिटर न् लिटरचा हिशेब. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते पॉलिशवाल्याचं स्पिरिट, आणि त्यात मिथेनॉल असू शकतं. मिथेनॉल आधी डोळे नेतं.

माझी डावी भुवई मधून तुटलेली आहे, ती त्याला दाखवली. सगळ्यांना वाटतं लहानपणी झाडावरून पडलो. तो मे महिना होता, दुपारी दोनची वेळ. मदतनिसानं अर्काच्या भांड्याचं झाकण उघडं ठेवलं. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर जात नाही, जमिनीवरून मांजरासारखी सरकते. दोन टेबलं सोडून चहासाठी शेगडी लावलेली होती, जी तिथे असायलाच नको होती. अल्कोहोलच्या वाफेला पेट घ्यायला चौदा-पंधरा अंश पुरतात, आमच्याकडे तेव्हा पंचेचाळीस. खिडकीतून ऊन टेबलावर पडलेलं, त्या उन्हात अल्कोहोलची निळी ज्योत दिसतच नाही. मला आधी भुवई करपल्याचा वास आला, मग कळलं की समोर आग आहे. मदतनिसाचा हात सव्वा महिना पट्टीत होता. आणि आमच्याकडे पाण्याचे फवारे, एक्झॉस्ट, वाळूच्या बादल्या सगळं होतं. तू स्वयंपाकघरात करणार?

पोरगा उठून गेला. भाचा फोनवर तसाच होता, तो हसत होता. त्याला म्हटलं, हसू नको, हे सगळं आपल्याकडूनच गेलंय. १८३९ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ओ'शॉनेसी नावाच्या आयरिश डॉक्टरनं गांजाची राळ स्पिरिटमध्ये विरघळवून धनुर्वाताच्या आणि संधिवाताच्या रुग्णांना देऊन बघितली, तिथून ते टिंक्चर विलायतेच्या औषधकोशात गेलं. पावणेदोनशे वर्षांनी ते तुझ्या साहेबाकडे आलं आणि आता त्याला ऑर्गॅनिकचा शिक्का हवाय. खरं ऑर्गॅनिक हवं असेल तर धडगावला ये म्हणावं. सातपुड्यात मोहाच्या झाडावर कोण फवारायला चढतं? पण ती दारू पाणचट, अर्काला कामाची नाही. तेवढ्या पाण्यात राळ उतरत नाही, साखर आणि डिंकच उतरतात.

अक्का पदरानं घाम पुसत बाहेर आली. "कोना फोन शे? इतला येळ काय बोली राह्यनात दोन्ही?"

"पाल्याचं," मी म्हटलं.

"कोनता पाला?"

"अडुळसा," फोनमधून भाचा ओरडला. फोन स्पीकरवर आहे हे आईला कळण्याआधीच. अक्कानं फोन हिसकून घेतला आणि पुढची वीस मिनिटं त्याच्या जेवणाची आणि लग्नाची चौकशी झाली.

चार दिवसांनी त्यानं सर्टिफिकेटचा फोटो पाठवला. सेंद्रिय उसाचं अल्कोहोल, खाली हिरवा शिक्का. मी मोठं करून बेंझिनची ओळ बघितली. आढळलं नाही. हेप्टेन, आढळलं नाही. मिथेनॉल मर्यादेच्या खूप खाली. उत्तर लिहिलं: "माल चांगला शे. आते घनाचा रिपोर्ट धाड."

दोन निळ्या खुणा आल्यात. रिपोर्ट अजून यायचाय.