दहा सेकंदांची बाटली: शिंतोडे जमले, पक्षी चालू लागला

सरावासाठी घेतलेली दहा सेकंदांची जाहिरात आता अर्ध्याच्या पुढे गेली आहे. ब्रँड काल्पनिक, वस्तू एकच: फळांच्या रसाची काचेची बाटली. बाटली वरून येते, पाण्याच्या पातळ थरावर टेकते, शिंतोडे उडतात, झाकण उघडतं आणि लेबलवर छापलेला छोटा पक्षी हाताने काढलेल्या रेषांत जिवंत होऊन काचेवरून चालत वर जातो. सेकंदाला २५ फ्रेम्स धरल्या तर सगळं मिळून २५० फ्रेम्स. आतापर्यंत बाटलीचं ॲनिमेशन पक्कं झालंय, शिंतोड्यांचं सिम्युलेशन (पाण्याची हालचाल संगणकाकडून गणिताने काढून घेणं) मनासारखं आलंय आणि पक्ष्याची चाल रफमध्ये, म्हणजे कच्च्या रेषांत तयार आहे.

शिकताना जाहिरातच का निवडली, हे बऱ्याच जणांनी विचारलं. मला जाहिरातींतलं ॲनिमेशन मनापासून आवडतं. चित्रपटाला पात्राची ओळख करून द्यायला निवांत वेळ मिळतो. जाहिरातीत पहिल्या पंचवीस-तीस फ्रेम्समध्येच वस्तू केवढी आहे, किती जड आहे, कशाची बनलेली आहे हे न सांगता कळावं लागतं. त्यामुळे टायमिंग (हालचालीला किती फ्रेम्स लागतात) आणि स्पेसिंग (प्रत्येक फ्रेमला वस्तू किती सरकते) तिथे अगदी उघडं पडलेलं असतं. एखादी चांगली जाहिरात फ्रेम-फ्रेमने पुढे-मागे करून बघितली की कोणती गोष्ट कशासाठी केली, हे बहुतेक वेळा सापडतं. या शॉटमध्ये जिथे जिथे अडले, तिथे कुठल्यातरी जाहिरातीनेच वाट दाखवली.

सगळ्यात जास्त वेळ शिंतोड्यांवर गेला, आणि तो जायलाच हवा होता. पाणी किती मोठं आहे हे प्रेक्षक त्याच्या वेगावरून आणि थेंबांच्या आकारावरून ओळखतो. साधा हिशेब बघा. २० सेंटिमीटर उंच उडालेला थेंब वर जायला ०.२ सेकंद घेतो आणि खाली यायला तेवढाच. एकूण ०.४ सेकंद, म्हणजे फक्त १० फ्रेम्स. डोळ्याला धड दिसायच्या आत संपतं. माझ्या शॉटमध्ये हा क्षण ३ सेकंद टिकायला हवा, म्हणजे वेळ साडेसात पट ताणायची. खऱ्या चित्रीकरणात यासाठी कॅमेरा सेकंदाला साधारण १८८ फ्रेम्सवर चालवावा लागला असता. पेयांच्या जाहिरातींत तर १००० फ्रेम्सवर चालणारे हायस्पीड कॅमेरे सर्रास वापरतात. तिथे तोच ०.४ सेकंदांचा क्षण पडद्यावर १६ सेकंद पुरतो.

सिम्युलेशनमध्ये पाणी संथ करायला गुरुत्वाकर्षण कमी करण्याचा किंवा सगळा सीन दहा पट मोठा करण्याचा मोह होतो. तसं केलं की पाणी संथ होतं खरं, पण समुद्राच्या लाटेसारखं दिसायला लागतं. लहान प्रमाणात पृष्ठताण जोरदार असतो. पाण्याचा पातळ पडदा फाटला की त्याचे धागे होतात, धागे तुटून गोल मणी होतात. या मण्यांमुळेच ‘ही हातात मावणारी बाटली आहे’ असं डोळ्याला पटतं. म्हणून मी सीन खऱ्या मापात ठेवला, गुरुत्वाकर्षण ९.८१ वरच ठेवलं आणि फक्त वेळेचं प्रमाण बदललं. सबस्टेप्स, म्हणजे एका फ्रेममध्ये सिम्युलेशन किती वेळा हिशेब करतं ते, वाढवल्यावर धागे नीट तुटू लागले. शटर १८० अंशांवर आहे, म्हणजे ते प्रत्येक फ्रेमच्या अर्धा वेळ उघडं असतं. वेळच ताणलेली असल्यामुळे प्रत्येक फ्रेमचं एक्स्पोजर खऱ्या हिशेबात १/३७५ सेकंदाएवढंच पडतं, त्यामुळे मणी स्वच्छ दिसतात. मोशन ब्लर, म्हणजे हालचालीमुळे येणारा धूसरपणा, वेगळा कमी करायची गरज पडली नाही.

बाटली खाली येते ती मात्र खऱ्या वेगाने. टेकल्यावर चार फ्रेम्समध्ये वेळ ताणली जाते. बाटलीला उसळी अजिबात दिलेली नाही. तिचं वजन आतला रस सांगतो: काच थांबते तरी रस थांबत नाही, त्याची पातळी आधी एका बाजूला चढते, मग उलट्या बाजूला, आणि हळूहळू सपाट होते. हे चार-पाच हेलकावे मी हातानेच कीफ्रेम केले, म्हणजे मुख्य स्थिती स्वतः ठरवून दिल्या. आतल्या रसाला सिम्युलेशन लावलं असतं तर तो बरोबर हलला असता, पण कुठल्या क्षणी प्रेक्षकाची नजर त्याच्याकडे जावी हे माझ्या हातात राहिलं नसतं.

झाकणाला चेहरा नाही, हात-पाय नाहीत, तरी त्याने थोडा अभिनय करावा अशी इच्छा होती. त्यासाठी ऑस्कर फिशिंगर यांनी १९३४ मध्ये मुराटी सिगारेटसाठी केलेली रंगीत जाहिरात पुन्हा बघितली. त्यात सिगारेटींची पलटण स्टॉप-मोशनमध्ये संचलन करते. वस्तू साध्या कांड्या आहेत, सगळा अभिनय चालीत आणि रांगेच्या तालात आहे. (त्या काळी एकेक कांडी हाताने सरकवून हे केलं, याचं मला अजून नवल वाटतं.) त्यावरून झाकणाची हालचाल ठरली. उघडण्याआधी ते सहा फ्रेम्स किंचित खाली दबतं, दोन फ्रेम्स अगदी स्थिर राहतं आणि मग सुटतं. त्या दोन स्थिर फ्रेम्स काढल्या की झाकण नुसतं उडतं. ठेवल्या की ते ठरवून उडाल्यासारखं वाटतं.

आता पक्षी. तो हाताने काढलेला, टूजवर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम्स. कॅमेरा मात्र बाटलीभोवती प्रत्येक फ्रेमला सरकतो. अशा वेळी पक्षी कॉम्पमध्ये (वेगवेगळे थर एकत्र जोडण्याच्या टप्प्यात) वरून चिकटवला तर तो काचेवर थरथरताना दिसतो, कारण काच दर फ्रेमला हलते आणि पक्षी एक सोडून एक फ्रेमला. म्हणून चित्रं सपाट पट्टीवर काढून ती बाटलीच्या पृष्ठभागावर टेक्स्चर म्हणून, म्हणजे कागदासारखी गुंडाळून लावली आहेत. टेकलेला पाय पट्टीवर त्याच जागी ठेवायचा आणि शरीर चित्रांतूनच पुढे न्यायचं. चित्र दोन फ्रेम्सनी बदलतं, पण काचेला धरून राहतं. बाटलीच्या मानेजवळ परीघ कमी होतो, तिथे पट्टी आवळली जाते आणि पक्षी बारीक दिसू लागतो. त्या भागातली चित्रं मी मुद्दाम रुंद काढली, पाय जरा फाकवून. गंमत म्हणजे त्यामुळे चढ चढताना त्याला कष्ट पडतायत असं वाटतं, आणि ते मी ठेवलंय.

पक्ष्याच्या सावलीने तर मला खूश केलं. काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पक्षी आणि त्याची सावली आत रसावर, थोडी सरकलेली. मधल्या अंतरामुळे काचेची जाडी लगेच कळते. ही कल्पना जॉन लुईस या ब्रिटिश दुकानांच्या २०१३ सालच्या अस्वल आणि सशाच्या नाताळ-जाहिरातीवरून सुचली. त्यात पात्रं हाताने ॲनिमेट केली, मग एकेक चित्र छापून, कापून प्रत्यक्ष बांधलेल्या सेटवर उभं केलं आणि फ्रेम-फ्रेमने फोटो काढले. सपाट चित्रांवर खरा प्रकाश पडतो, त्यांची खरी सावली जमिनीवर पडते. कॉम्पमध्ये जे जुळवायला आपण रात्र घालवतो ते तिथे आपोआप मिळालं आहे, आणि त्यासाठी सेटवर घेतलेली मेहनत प्रत्येक फ्रेममध्ये दिसते.

तंत्र कुठलं घ्यायचं यावर विचार करताना झूझू, म्हणजे जाहिरातींतली ती पांढरी पात्रं, आठवणं साहजिक आहे. २००९ मध्ये व्होडाफोनसाठी ओगिल्वी या जाहिरात संस्थेने ती मोहीम केली, दिग्दर्शन प्रकाश वर्मा यांचं, चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेत. अनेकांना ते थ्रीडी ॲनिमेशनच वाटलं होतं. प्रत्यक्षात पांढऱ्या पोशाखात माणसं होती. चित्रीकरण नेहमीपेक्षा कमी फ्रेमरेटवर केलं, त्यामुळे हालचाली झटक्यांच्या आणि जराशा जलद झाल्या. हवेत हात फिरवून मग थांबणं, वळताना आधी डोकं आणि मग धड, हे सगळं कार्टूनचं व्याकरण माणसांच्या अंगात उतरवलं. मी वॉक सायकल (पुन्हा पुन्हा फिरवता येणारी चाल) शिकताना झूझूंची चाल ट्रेस करून बघितली आहे. माणसाच्या शरीरातून आलेला तोल त्यात शाबूत आहे, म्हणून ते एवढे जिवंत वाटतात.

प्रकाशाचं काम बरंच सोपं गेलं. टेबलावर क्रोम बॉल ठेवून वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढले, त्यांचा एचडीआरआय, म्हणजे गडद ते लख्ख सगळा उजेड साठवणारं एकच चित्र, केला. धातूच्या झाकणात आणि काचेत दिसणारं सगळं प्रतिबिंब तिथूनच येतं. याच तत्त्वाचा मला सर्वात आवडणारा वापर म्हणजे द मिल या स्टुडिओने २०१६ मध्ये दाखवलेली ब्लॅकबर्ड गाडी. तिची लांबी आणि चाकांमधलं अंतर हवं तसं बदलता येतं. रस्त्यावर ती धावते, कॅमेरा तिच्यामागे धावतो, भोवतालचं चित्रण ती स्वतःच टिपते आणि नंतर तिच्या जागी संगणकावरची गाडी बसवतात. धूळ, रस्त्यावरचे धक्के, वळणावरचं झुकणं सगळं खऱ्या गाडीचं. जी गाडी अजून कारखान्यातून बाहेर पडलेली नाही तिचीही जाहिरात अशी करता येते.

क्रोमचा विषय निघालाच आहे तर १९८५ च्या ‘ब्रिलियन्स’चं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. डबाबंद अन्नाच्या प्रचारासाठी रॉबर्ट एबल यांच्या स्टुडिओने केलेली ही जाहिरात सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी दाखवली गेली. चकचकीत धातूची स्त्री खुर्चीत बसून बोलते. हालचाल मिळवण्यासाठी एका खऱ्या स्त्रीच्या सांध्यांवर काळे ठिपके काढून तिचं चित्रीकरण केलं आणि त्या ठिपक्यांवरून संगणकातल्या आकृतीची हालचाल बसवली. आज ती बघताना प्रतिबिंबं साधी वाटतात, पण खांदा वळताना आधी मान वळते आणि तेवढ्यावर माझी नजर खिळून राहते.

रंगाबद्दल एक छोटी नोंद. फिल्मसारखं टोन मॅपिंग (उजेडाचा मोठा पल्ला पडद्याला मावेल असा दाबणं) लावलं की लेबलचा गडद नारिंगी उजेडात फिकट पडतो. एरवी ते सुंदर दिसतं, पण जाहिरातीत ब्रँडचा रंग म्हणजे ब्रँडचा रंग. क्रिप्टोमॅटवरून (प्रत्येक वस्तू वेगळी निवडू देणाऱ्या मास्कवरून) लेबल वेगळं काढून फक्त त्याचा रंग कॉम्पमध्ये परत आणला, उजेड-सावली तशीच ठेवली.

शॉट एकसलग दिसतो, पण रेंडर (संगणकाने काढलेली अंतिम चित्रं) दोन तुकड्यांत आहे: शिंतोडे संपेपर्यंत एक, पक्षी निघाल्यापासून दुसरा. जोड कुठे लपवायचा हे होंडाच्या २००३ सालच्या ‘कॉग’ या जाहिरातीवरून ठरवलं. त्यात गाडीचे सुटे भाग एकामागून एक एकमेकांना ढकलत जातात. दोन मिनिटांची ती साखळी दोन टेकमध्ये घेतलेली आहे आणि सायलेन्सर जमिनीवरून घरंगळतो तिथे जोडलेली आहे. नजर एका सरकत्या वस्तूमागे जात असते, तिथे सांधा कोणी शोधत नाही. माझ्याकडे एक मोठा थेंब लेन्सच्या अगदी जवळून, फोकसबाहेर जातो. त्याने फ्रेमचा अर्ध्याहून जास्त भाग व्यापला की तुकडा बदलतो.

बाकी कामं: पक्ष्याचं क्लीनअप (कच्च्या रेषा नीट करणं), काचेखालची कॉस्टिक्स (काचेतून वळून टेबलावर पडणाऱ्या उजेडाची नक्षी) आणि आवाज. कॉस्टिक्सचा नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, अजून जात नाहीये. सॅम्पल्स (प्रत्येक बिंदूसाठी मोजलेले प्रकाशकिरण) वाढवले की रेंडरचा वेळ हाताबाहेर जातो, डीनॉइज केलं की प्रकाशाच्या कडा पुसल्या जातात. कॉस्टिक्सचा थर एकदाच वेगळा बेक करून (हिशेब करून चित्र म्हणून साठवून) टेबलावर प्रोजेक्ट करावा असं मनात आहे, कारण बाटली टेकल्यावर प्रकाश आणि टेबल दोन्ही हलत नाहीत. फक्त आतला रस हेलकावतो तेवढे सुरुवातीचे साठ-सत्तर फ्रेम्स खरे रेंडर करावे लागतील. हलत्या द्रवासोबत असं कुणी केलं असेल तर बेक केलेल्या आणि खऱ्या भागाच्या मध्ये किती फ्रेम्सचा डिझॉल्व्ह (एक चित्र दुसऱ्यात हळूहळू विरघळणं) पुरतो, ते सांगा.