पहिली एल्क शिकार: गाइड घ्यावा की आपलं आपण जावं?

१ नोव्हेंबर २०२४, लक्ष्मीपूजन. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आमच्यातल्या जाणत्याची गोळी सुटली आणि समोरच्या उतारावरचा एल्कचा (मोठ्या हरणाचा) नर दहा-बारा पावलं धावून खाली बसला. कोलोरॅडोतल्या पगोसा स्प्रिंग्जच्या वरचं जंगल, साडेनऊ हजार फूट उंची, गाडी चार किलोमीटर मागे. मला वाटलं, झालं काम. तो म्हणाला, “आता कुठे सुरू झालंय. जॅकेट काढ, सुरी घे.”

शेवटची पिशवी गाडीतल्या बर्फाच्या पेटीत गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला. गाइड घ्यावा का, हे परत आल्यापासून मला ओळखीतले बरेच जण विचारतात. माझं उत्तर त्या वीस तासांत तयार झालं. नराचं वजन तीनशे किलोंच्या घरात असतं. मांस डोंगरावरून खाली कोण आणणार, हे आधी ठरवा. बाकीच्या गोष्टी त्यावरूनच ठरतील.

पण सुरुवात कागदांपासून. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत शिकार-सुरक्षेचा कोर्स केल्याचं कार्ड लागतं. तो कोर्स उन्हाळ्याआधीच उरका. बरेच परवाने सोडतीने मिळतात आणि तिची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. आम्ही गेलो तो रायफलचा दुसरा हंगाम. त्यात पगोसाच्या भागात नराचा परवाना ऑगस्टपासून थेट विकत मिळत होता. राज्यात सलग सहा महिने राहिलेल्याला तो स्वस्त पडतो, बाहेरच्याला आठशे डॉलरच्या वर मोजावे लागतात. नियम दरवर्षी हलतात. २०२५ पासून बाहेरच्यांना धनुष्यबाणाचे परवाने बहुतेक ठिकाणी सोडतीतूनच मिळतात. म्हणून त्या-त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय रजा टाकू नका.

आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूक जवळ बाळगू देत नाही. वैध शिकार परवाना हातात असेल तर त्याला अपवाद आहे, पण परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. मित्राची रायफल नुसती हातात घेण्याआधीसुद्धा वकिलाशी बोला. एका हौसेपायी इथला सगळा संसार पणाला लावू नका.

आता गाइड. मुक्काम, जेवण, घोडे, वाटाड्या असं सगळं घेतलं तर माणशी पाच-सहा हजार डॉलरच्या पुढेच आकडा जातो, आणि जनावर मिळेलच याची हमी कुणी देत नाही. कोलोरॅडोत साधारण पाचांतल्या एकालाच एल्क मिळतो. तरीही ज्याच्या ओळखीत एकही जाणता नाही, त्याने पहिल्या खेपेला हा खर्च करावा असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे देण्याआधी त्या माणसाची राज्याकडे नोंदणी आहे का आणि त्या जंगलाचा वनखात्याचा परवाना त्याच्याकडे आहे का, हे बघा. मधला मार्गही आहे. घोडेवाला तुम्हाला सामानासकट तयार तंबूपाशी सोडतो, शिकार तुमची तुम्ही करायची, आणि निरोप दिला की तो मांस न्यायला येतो. वायोमिंगला जाणार असाल तर केंद्राने राखलेल्या रानात बाहेरच्या शिकाऱ्याला परवानाधारक गाइड किंवा तिथला रहिवासी सोबत लागतोच.

आम्ही गाइड घेतला नाही, कारण तिघांतला एक सहा वर्षं हे करतोय. ऑगस्टमध्ये दोन दिवस जाऊन आम्ही वाटा, पाणी आणि लेंड्या बघून आलो. खाजगी जमिनीच्या हद्दी दाखवणारं ऑनएक्स अ‍ॅप फोनवर उतरवून घेतलं, वर रेंज नसते. डेन्व्हरहून निघालो की पोन्चा पास, डेल नॉर्ट, मग १०,८५७ फुटांचा वुल्फ क्रीक पास आणि खाली पगोसा, असा पाच-साडेपाच तासांचा रस्ता आहे. आम्ही २९ ऑक्टोबरला पोचलो आणि पहिला दिवस नुसतं चाललो. सपाटीवरून थेट येणाऱ्याने दोन दिवस तरी विरळ हवेला द्यावेत. डोकं ठणकत असताना नेम धरता येत नाही, आणि ओझं तर नाहीच नाही.

एल्कपुढे आपली सगळी हुशारी वाऱ्यापाशी येऊन थांबते. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते, संध्याकाळी पुन्हा खाली. पहाटे वरून खाली गेलात तर तुमचा वास तुमच्या आधी पोचतो. आम्ही ३० तारखेला नेमकं तेच केलं. कळप उठून गेल्याचा फांद्या मोडल्याचा आवाज तेवढा ऐकला.

३१ ला नरक चतुर्दशी. घरी आई पहाटे चारला उटणं लावून उठवायची, इथे त्याच वेळी उठून बर्फात चालत होतो. सात वाजून गेल्यावर कायद्याने गोळी झाडायची वेळ सुरू झाली (सूर्योदयाआधी अर्धा तास), आणि थोड्याच वेळात दीडशे पावलांवर अ‍ॅस्पेनच्या झाडांतून एक तरणा नर बाहेर आला. पाठीवर दव गोठलेलं, नाकातून वाफ, मानेची दाट आयाळ काळपट. आपल्या काश्मीरचा हंगुल याचाच भाऊबंद. रायफल मी टेकवली होती, बोट मात्र बाहेर. इथे एका बाजूच्या शिंगाला चार फाटे असावे लागतात, नाहीतर कपाळाजवळचा फाटा किमान पाच इंच हवा. दुर्बिणीतून मोजले: डावीकडे दोन, उजवीकडे एक. पुन्हा मोजले. तो दोन मिनिटं गवत खात उभा राहिला, मग सावकाश झाडीत शिरला. माझा परवाना त्या वर्षी कोराच राहिला, पण ती दोन मिनिटं मला पुरली. फाटे मोजायचा सराव घरीच फोटोंवर करा आणि दुर्बिणीवर पैसे वाचवू नका.

दुसऱ्या संध्याकाळच्या नराला एका बाजूला पाच फाटे होते. आधी परवान्याच्या चिठ्ठीवर सही-तारीख. मग पोट न फाडता एका कुशीची कातडी सोलायची, पुढचा फरा, मागची तंगडी, पाठीची लांब पट्टी काढायची आणि धूड उलटवून पुन्हा तेच. आतल्या कमरेच्या पट्ट्याही विसरायच्या नाहीत, खाण्याजोगं मांस रानात टाकणं हा गुन्हा आहे. नर असल्याची नैसर्गिक खूण मांसाला चिकटलेली ठेवावी लागते. घाई करायची ती कातडीची. बाहेर बर्फ असला तरी त्या जाड केसांखाली मांस तासन्‌तास गरम राहतं आणि हाडाजवळून नासायला लागतं. माझी बोटं थंडीने वळत नव्हती, तेव्हा ती मांसाच्याच उबेत धरली.

आमची चूक इथली. शहरातून दोन घोडेवाल्यांचे नंबर घेतले होते, पण आधी बोलणं केलं नव्हतं. हंगामाच्या ऐन मध्यात कुणीच रिकामा नव्हता. रात्री प्रत्येकी पंचवीस किलोंची एक खेप केली, उरलेलं जाळीदार पिशव्यांत घालून अस्वलाच्या आवाक्याबाहेर फांदीला टांगलं आणि सकाळी परत आलो. उतारावर गुडघे असे थरथरत होते की दोनदा बसून उतरलो. घोडेवाल्याशी ऑगस्टमध्येच दर आणि तारखा ठरवून ठेवा. ढकलगाडी नेणार असाल तर राखीव रानात चाकाचं काहीच चालत नाही, हे लक्षात असू द्या. कमरेच्या वर झगझगीत (फ्लोरोसंट) नारिंगी किंवा गुलाबी रंगाचे ५०० चौरस इंच कपडे आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. ओझं पाठीवर घेतल्यावर रंग झाकला जातो, म्हणून पिशवीवरही एक नारिंगी कापड बांधा.

भाऊबीजेला घरी पोचलो. हरीण-एल्कांत मेंदूचा एक रोग असतो, सीडब्ल्यूडी. तो आढळलेल्या जनावराचं मांस खाऊ नये असा आरोग्यखात्याचा सल्ला आहे. म्हणून डोकं तपासणीला दिलं आणि निकाल येईपर्यंत फ्रीजरला हात लावला नाही. निकाल चांगला आला. या मांसाला चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे बोकडासारखं रटरटत ठेवलं की वातड होतं. पाठीची पट्टी कडकडीत तापलेल्या तव्यावर दोन-दोन मिनिटं भाजा. खिम्याला तेल आणि भाजलेलं खोबरं सढळ हाताने घाला. मागच्या तंगडीला मात्र कुकरच लागतो, सहा शिट्ट्या.