गोळ्या मिळाल्या, पुढे?

फिलिपिन्समध्ये लोस बान्योसला पोषणशास्त्रात पीएच.डी. करत होते तेव्हा एका अभ्यासासाठी आमचा गट लागुना सरोवराच्या काठच्या वस्त्यांमध्ये फिरायचा. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्या शरीरात लोह, जस्त आणि अ जीवनसत्त्व किती कमी पडतंय, हे तपासायचं होतं. जस्तासाठी नळ्या वेगळ्या लागतात, कारण साध्या नळीच्या रबरी बुचातलंच जस्त रक्तात उतरतं. अ जीवनसत्त्व उजेडात टिकत नाही, म्हणून तो नमुना लगेच फॉइलमध्ये गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवायचा. भर उन्हात हे सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला यायचा.

त्या दिवशी वस्तीतल्या बास्केटबॉलच्या मैदानात, पत्र्याच्या छताखाली आमची टेबलं मांडली होती. बायकांना बोलावून आणायचं काम तिथल्या न्यूट्रिशन स्कॉलर करत होत्या. वस्तीवस्तीत अशी स्वयंसेविका नेमण्याची पद्धत तिकडे 1978 पासून आहे, आपल्या अंगणवाडीताईंची आठवण यावी अशी. या बाई साठीच्या, सगळे त्यांना 'नानाय', म्हणजे आई, म्हणायचे.

अकराच्या सुमारास सातव्या महिन्यातली एक बाई आली, कडेवर दोन वर्षांचा मुलगा. चार पायऱ्या चढून आली तेवढ्यानं तिला धाप लागली होती. बोट टोचलं, पहिला थेंब पुसला, पुढचा छोट्या पट्टीत घेतला, पट्टी यंत्रात सरकवली. आकडा आला 6.3. दुसऱ्या हाताचं बोट टोचलं, 6.4. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, 7 च्या खाली म्हणजे तीव्र. अशा वेळी अभ्यास बाजूला ठेवून त्या बाईला त्याच दिवशी दवाखान्यात पोचवायचं, हा आमचा नियम. मुलाचं 9.8 निघालं, म्हणजे तेही कमीच. गुटगुटीत, हसरं पोर. वजनाच्या तक्त्यात ते कुणाच्या नजरेत भरलंच नसतं.

ट्रायसिकल, म्हणजे मोटारसायकलला बाजूची गाडी जोडलेली तिकडची रिक्षा, येईपर्यंत नानायनी तिला कालचा दिवसभराचा आहार विचारून घेतला. सकाळी भात, त्यावर कालवण म्हणून ओतलेली काळी कॉफी. दुपारी भात आणि सुका मासा. मासा नवऱ्याला नि मुलाला, तिनं सोया सॉसवर भागवलं. रात्री भात आणि कांगकाँग, म्हणजे आपली नाळीची भाजी. कॉफीतली द्रव्यं धान्यातलं नि भाजीतलं लोह आतड्यात शोषू देत नाहीत, आणि मुलाच्या वाटीतही सकाळी तोच कॉफीभात होता. पोट तिन्ही वेळा भरलेलं होतं. तांदळात लोह मिसळलंच पाहिजे असा कायदा तिथं 2000 साली झाला, पण दुकानातून किलोकिलोनं सुटा आणलेला तिचा तांदूळ साधाच होता.

"आते, लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या ना?" मी विचारलं. (तिकडे ताईला आते म्हणतात.)

"हो मॅम, मिळाल्या."

नानायनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "मिळाल्या ते मला माहीत आहे, मीच आणून दिल्या. खाल्ल्यास का?"

खाल्ल्या होत्या, चार दिवस. मळमळायला लागलं, शौचाला काळं झालं. सासू म्हणाली, आत रक्त जळतंय, बाळाला बाधेल. पाकीट फळीवर ठेवून दिलं. लोहाच्या गोळीनं शौचाचा रंग काळा होतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे तिला एकानंही सांगितलं नव्हतं. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घे, हेही नाही. नागपूरला माझ्या मावशीच्या शेजारच्या सुनेनं अगदी याच भीतीनं गोळ्या कचऱ्यात टाकल्या होत्या.

ती दवाखान्यात जायला तयार होईना. नवरा सरोवरावर, घरी स्वयंपाक कोण करणार? नानायनी मुलाला सरळ उचलून घेतलं आणि म्हणाल्या, "हा माझ्याकडे जेवेल. तू बस." सुईणबाई सोबत गेल्या. आरोग्य केंद्रातून तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवलं, तिथं रक्त चढवलं. बाळंतपण नीट झालं.

त्याच मुलाच्या कार्डावर अ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचे सगळे रकाने भरलेले होते. ती कॅप्सूल वर्षातून दोनदा, आरोग्यसेविका स्वतः कापून तोंडात पिळते. लहान मुलांमधली अ जीवनसत्त्वाची कमतरता त्या देशात 2003 मध्ये 40.1 टक्के होती, 2008 मध्ये 15.2 वर आली. त्याचं श्रेय एकट्या कॅप्सूलला देता येणार नाही. पण लोहाची गोळी महिनोन्महिने रोज, घरी, एकटीनं घ्यायची असते, आणि तिथं बाईच्या पाठीशी कुणी उभं नसतं.

संध्याकाळी तिचा फॉर्म भरताना 'गोळ्या मिळाल्या का?' या रकान्यात 'होय' अशी खूण झाली. खरीच होती ती. मी आमच्या मार्गदर्शक बाईंना फोन केला आणि नैतिकता समितीच्या मंजुरीनं पुढच्या वस्त्यांसाठी दोन प्रश्न वाढवून घेतले: शेवटची गोळी कधी घेतली, आणि थांबवली असेल तर का. दुसरा प्रश्न नानायच विचारायच्या. त्यांच्यापुढे बायका मोकळ्या व्हायच्या. काळं होतं, मळमळतं, बाळ फार मोठं होईल आणि बाळंतपण जड जाईल, नवरा म्हणाला कशाला हव्यात. उत्तरं फिरून फिरून हीच. गोळ्या मिळाल्याच नाहीत असं सांगणाऱ्या फार थोड्या निघाल्या.