ग्लॉस्टरच्या खांबाआडून

तिकीट देताना खिडकीवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, "जागा खांबाआडची आहे, समोरचं काही दिसणार नाही. चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. मला बघायचं नव्हतंच. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये बसून व्हॉन विल्यम्स या संगीतकाराची टॅलिसच्या चालीवरची रचना ऐकायची होती. ती पहिल्यांदा वाजली तीही इथेच, 6 सप्टेंबर 1910 ला.

माझी धाकटी नणंद ग्लॉस्टरला राहते. बरीच वर्षं ती बोलावत होती. यंदा तिचा फोन आला, "वहिनी, तुम्ही ते टॅलिसचं सारखं ऐकता ना, ते इथल्या कॅथीड्रलमध्ये वाजणार आहे. माझ्या शेजारच्या बाईच वाजवतायत." तेवढं ऐकल्यावर मी तारखा बघायला घेतल्या. लंडनच्या पॅडिंग्टनहून ग्लॉस्टरला थेट गाडी मिळते, साधारण दोन तास लागतात. स्ट्राउडच्या आसपास गाडी हिरव्या, अरुंद खोऱ्यातून जाते आणि घरं मधाच्या रंगाच्या दगडाची दिसायला लागतात. बाकी प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला मांडव आणि सिनेमाची गाणी आठवतात. त्या गाण्यांमागचे व्हायोलिनचे ताफे बरेचसे गोवेकर वादकांचे होते, आणि माझ्या कानाला या वाद्यांची पहिली ओळख त्यांनीच करून दिली. पुढे मी पंचवीस वर्षं शास्त्रीय गाणं शिकले, अजूनही शिकतेय. पाश्चात्त्य संगीताची मी जाणकार नाही. पण टॅलिसच्या चालीवरची ही रचना एका मैत्रिणीने ऐकवली, तेव्हा दुसऱ्याच मिनिटाला मी म्हटलं होतं, "अगं, ही तर भैरवी!"

चाल टॉमस टॅलिस या सोळाव्या शतकातल्या इंग्रज संगीतकाराची. 1567 च्या एका स्तोत्रसंग्रहासाठी त्याने नऊ चाली बांधल्या, त्यांतली ही तिसरी. युरोपातल्या जुन्या चर्चसंगीतात स्वरांचे जे साचे होते, त्यांतल्या फ्रिजियन नावाच्या साच्यात ती आहे. रिषभ, गंधार, धैवत, निषाद चारही कोमल, म्हणजे थेट आपला भैरवी थाट. रेफ व्हॉन विल्यम्सला ती चाल भेटली 1906 च्या सुमारास, एका प्रार्थनागीतांच्या पुस्तकाचं संपादन करताना. हा संगीतकारही याच ग्लॉस्टरशर परगण्यातला, डाउन ॲम्प्नी गावचा. चार वर्षांनी इथल्या थ्री क्वायर्स महोत्सवासाठी त्याने त्या चालीवर फक्त तंतुवाद्यांची रचना केली. हा महोत्सव ग्लॉस्टर, हेरफर्ड आणि वुस्टर या तीन कॅथीड्रलांत आळीपाळीने भरतो. अठराव्या शतकापासूनची रीत आहे ही, वारीसारखी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली.

मी गेले तो कार्यक्रम महोत्सवातला नव्हता. परिसरातल्या हौशी वादकांचा होता, साठेक माणसं. कुणी शिक्षक, कुणी निवृत्त इंजिनिअर, दोन कॉलेजातली मुलं. शेजारच्या बाई दवाखान्यात स्वागतकक्षात काम करतात आणि दर मंगळवारी रात्री तालमीला जातात. त्या व्हायोला वाजवतात. व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, आवाजाने खर्जाकडे झुकणारं वाद्य. आदल्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात त्यांची स्वरलिपी दाखवली. पानभर पेन्सिलीच्या खुणा होत्या: गज कुठे वर, कुठे खाली, कुठे मान उचलून निर्देशकाकडे बघायचं. एका ओळीवर नुसतं "थांब, ऐक" एवढंच लिहिलेलं. गजाला राळ लावताना त्या बोलत नाहीत. पहिल्या बोटाच्या पेरावर तारेची रेघ कायमची उमटलेली आहे. माझ्या गुरुजींच्या बोटांवर तंबोऱ्याच्या तारांनी पडलेले घट्टे मला आठवले.

कॅथीड्रलमध्ये शिरलं की पहिल्यांदा खांब अंगावर येतात. गोल, जाडजूड, चार माणसांनी हात धरूनही कवेत न येणारे. बांधकाम 1089 मध्ये सुरू झालं. तेव्हा हा मठ होता. बाजूला मठवासींच्या ओवऱ्या आहेत आणि त्यांच्या छतावर दगडात ताडाचे पंखे उघडावेत तशी नक्षी. चौदाव्या शतकातलं ते काम बघताना मान अवघडली तरी खाली करवेना.

वाद्यं जुळायला लागली. सगळे एका सुरावर येतात, आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी सहा. तंबोरा लागताना खोलीत जो बदल होतो, तोच इथे झाला. माणसं आपोआप गप्प झाली.

सुरुवात होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या सेंट पॉल्स स्वीटने, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या मालिकेने झाली. लंडनमधल्या ज्या मुलींच्या शाळेत होल्स्ट 1905 पासून मरेपर्यंत शिकवत होता, तिथल्या वाद्यवृंदासाठी त्याने ही लिहिली. हौशी हातांसाठीच लिहिलेली गोष्ट हौशी हातांत किती खुलते! होल्स्ट जन्मला इथून बारा-तेरा किलोमीटरवर, चेल्टनहॅमला. ऋग्वेदातल्या सूक्तांचं भाषांतर स्वतः करता यावं म्हणून हा माणूस संस्कृत शिकला, आणि महाभारतातल्या सावित्रीवर त्याने एक छोटा ऑपेराही रचला. वटपौर्णिमेला वडाला फेरे घालणाऱ्या आपल्यातल्या किती जणींना हे माहीत असेल?

मग टॅलिस. यात वाद्यवृंदाचे तीन भाग असतात: एक मोठा, एक नऊच वादकांचा, आणि मोठ्यातल्याच चार प्रमुख वादकांचं चतुष्क. छोट्या गटाने जमेल तितकं दूर बसावं अशी संगीतकाराची अपेक्षा होती. तो गट कुठे बसवलाय ते मला खांबामुळे दिसतच नव्हतं.

पहिले स्वर इतके हळू आले की ते कधी सुरू झाले ते कळलं नाही. मग खालच्या सप्तकात बोटांनी छेडलेल्या तारा, चालीचा नुसता इशारा. पूर्ण चाल आली तेव्हा माझ्या शेजारचे आजोबा पुढे झुकले. मोठा वृंद एक वाक्य म्हणायचा आणि थांबायचा. थांबल्यावरही ते वाक्य छताखाली फिरत राहायचं. ते विरतंय न विरतंय तोच लांबून, दगडाच्या पलीकडून, त्याचं उत्तर यायचं. घरी इयरफोनवर मी याला प्रतिध्वनीचा खेळ समजत होते. तसं नाहीये ते. ती मधली वाट बघायची जागा रचनेतच आहे, आणि ती जागा या इमारतीनेच भरायची आहे. विलंबितात समेच्या आधी गवई श्वास रोखतो आणि तबलजी तो सांभाळतो, तसे हे खांब सांभाळत होते.

मधोमध व्हायोला एकटी उठली. कुणाची साथ नाही, काही नाही. प्रमुख व्हायोलावादक दुसरेच गृहस्थ होते, पण त्या क्षणी मला पेन्सिलीने लिहिलेलं "थांब, ऐक" डोळ्यांपुढे दिसत होतं. त्या स्वराला किंचित खरखर होती, गजावरची राळ तारेला धरते तशी. एखाद्या रेकॉर्डिंगमधून ती पुसून टाकली असती. मला ती फार मोलाची वाटली, माणूस वाजवतोय हे त्यातून ऐकू येत होतं. शेवटच्या स्वरसमूहात कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार येतो. पंधरा मिनिटं कोमलात भिजलेल्या कानांवर तो पडला आणि माझे डोळे भरून आले. टाळ्या वाजायला बराच वेळ लागला.

1910 च्या त्या रात्री सदतीस वर्षांच्या व्हॉन विल्यम्सने स्वतः हे वाजवून घेतलं. श्रोत्यांत संगीत शिकणारी इथलीच दोन मुलं होती, सतरा वर्षांचा हर्बर्ट हॉवेल्स आणि वीस वर्षांचा आयव्हर गर्नी. कार्यक्रमानंतर झोपच येईना म्हणून दोघं रात्री ग्लॉस्टरच्या रस्त्यांवरून चालत राहिले. हॉवेल्स पुढे मोठा संगीतकार झाला. गर्नी कवीही होता. पहिल्या महायुद्धात लढला, आणि आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं त्याने मनोरुग्णालयांत काढली.

उत्तरार्धात एल्गार या इंग्रज संगीतकाराचं एनिग्मा व्हेरिएशन्स होतं. 1899 ची ही रचना, एका चालीतून मित्रमंडळींची काढलेली चौदा चित्रं. एल्गार वुस्टरमधल्या वाद्यांच्या दुकानदाराचा मुलगा, बहुतेक सगळं स्वतःच शिकलेला. तरुणपणी तो पोविकच्या मनोरुग्णालयात तिथल्या कर्मचाऱ्यांचा बँड चालवायचा. एका चित्रात हेरफर्डच्या ऑर्गनवादकाचा कुत्रा नदीत पडतो, पोहत काठाला लागतो आणि भुंकतो. ते आलं तेव्हा आजोबांनी मला कोपराने हलकेच खुणावलं. निमरॉड हा भाग मात्र मला त्या रात्री नीट ऐकता आला नाही. कान अजून टॅलिसमध्येच होते.

परतताना शेजारच्या बाईंनीच गाडीतून सोडलं. व्हायोलाची पेटी माझ्या मांडीवर. नणंदेने मागून सांगितलं, "आमच्या वहिनी म्हणतात हा आमच्याकडचा राग आहे." बाईंनी घरासमोर गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि म्हणाल्या, गाऊन दाखवा. मी टॅलिसची चाल सरगममध्ये म्हटली, सावकाश, मग त्याच स्वरांत आकाराने थोडी भैरवी. त्यांनी डोळे मिटले होते. डाव्या हाताची बोटं स्टिअरिंगवर जागा शोधत होती. मी थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, "तिसरा स्वर परत घ्या ना. मी तो थोडा वर वाजवते." मी कोमल गंधार पुन्हा लावला.