नाव वाचता येत नाही, मग राजा ओळखता कसा?

"नखाएवढी झिजकी नाणी, त्यावर ना नाव ना साल. मग राजा कोण ते कसं सांगता? ठोकून देता ना?" इंग्लंडमध्ये माझ्या घरी येणारा जवळजवळ प्रत्येक मराठी पाहुणा हे विचारतो आणि वर हसतो.

ठोकून देत नाही हो. चौथ्या शतकातलं रोमन काशाचं नाणं आधी मागून बघायचं. दोन शिपाई आणि मधे दोन निशाणं असली, तर साधारण ३३० ते ३३५. निशाण एकच उरलं आणि नाणंही लहान झालं, की त्यानंतरचं. लांडगी आणि तिचं दूध पिणारी माणसाची जुळी पोरं दिसली, तर पुढच्या बाजूला राजा नसतोच, शिरस्त्राण घातलेली रोमा, म्हणजे रोम शहराची देवी, असते. तळाशी टांकसाळीची अक्षरं असतात. नाव सगळ्यात शेवटी.

आणि नाव वाचता आलं, तरी काय मोठे दिवे लागतात? नाणेवाल्यांच्या एका बैठकीत मी एक नाणं ठेवलं होतं. मागे घोड्यावरून कोसळणारा स्वार, त्याला भोसकणारा शिपाई. पुढे 'कॉन्स्टॅन्शिअस' स्वच्छ वाचता येत होतं, पुढची पदवी मात्र कडेबाहेर गेलेली. एका ज्येष्ठ गृहस्थांनी माझी चिठ्ठी खोडून 'कॉन्स्टॅन्शिअस दुसरा', म्हणजे सम्राटाचं नाव, लिहिलं. नाणं हातात न घेता! मी म्हटलं, डोकं बघा. सम्राटाच्या कपाळावर मुंडावळ्यांसारखी मोत्यांची पट्टी असते आणि तिच्या गाठीची टोकं मानेमागे लोंबतात. इथे ती नाहीत. "झिजली असतील." अहो, झिजतो आधी गाल, झिजतात कानावरचे केस. मानेमागचा भाग खोलगट. मी दिवा आडवा धरला, मानेमागे नुसते केस. उघड्या डोक्याचा हा गॅलस: सम्राटाचा चुलतभाऊ, ३५१ मध्ये सीझर, म्हणजे सम्राटाच्या हाताखालचा उपसम्राट, झाला, ३५४ मध्ये त्याच सम्राटाच्या हुकमानं मारला गेला. नाण्यावर दोघांचं नाव एकच. गृहस्थ म्हणाले, "बहुतेक वेळा दुसराच असतो," आणि चहाला गेले. चारचौघांत हसं झालं ते माझंच.

पण सगळी नाणी अशी बोलत नाहीत. पुष्कळांपुढे मी 'कॉन्स्टन्टाइनचं घराणं' (हे दोघेही त्यातलेच) एवढंच लिहून मोकळा होतो. घोडेस्वाराच्या नाण्यांच्या तर ब्रिटनमध्ये रग्गड नकला पाडल्या गेल्या. त्यांवर अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या, तिथे कुणाचं नाव लावायचं? पूर्वी मला हा पळपुटेपणा वाटायचा, प्रत्येक नाण्याला धनी हवाच असा हट्ट असायचा. आता उलट वाटतं. मग शंका येते की ते गृहस्थ ठोकळ मानानं लिहितात आणि मीही, तर फरक काय? आहे, पण मला तो नीट मांडता येत नाही.

ते नाणं मात्र गॅलसचंच. त्यावर मी कुणाचंही ऐकणार नाही.